अठ्ठेचाळीस मिनिटांवरचा माणूस

रत्नागिरीहून अँतोफागास्ता सोळा हजार एकशे सत्तर किलोमीटर आहे. हा आकडा चार वर्षं मला माहीतच नव्हता, कारण आम्ही कुणी किलोमीटर मोजतच नव्हतो. चिपळूण दोन तासांवर, माझं माहेर सावंतवाडी तीन तासांवर आणि माझा नवरा निनाद अठ्ठेचाळीस मिनिटांवर, असा सरळ हिशेब होता.

अँतोफागास्ता हे चिली देशाच्या उत्तरेचं शहर. एका बाजूला वाळवंट, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधल्या चिंचोळ्या पट्टीवर चार लाख माणसं. पाऊस जवळजवळ नाहीच. समुद्राचं पाणी गोडं करायचं आणि तेच प्यायचं. निनाद त्या गोड्या पाण्याच्या कारखान्यात, पाण्यातलं मीठ अडवणाऱ्या गाळणपडद्यांचा मुख्य इंजिनिअर होता.

ही नोकरी आली तेव्हा आमची कस्तुरी पाच वर्षांची होती आणि मी मारुती मंदिराजवळच्या एका दवाखान्यात सोनोग्राफीचं काम करत होते. त्याच वर्षी मिऱ्या बंदरापासून तीस किलोमीटर आत, समुद्रात, उड्डाणाचा तळ सुरू झाला होता. कागदोपत्री त्या वाहनाला उपकक्षीय यान म्हणत. आम्ही सगळे नुसतं 'उडी' म्हणायचो.

उडीचं तत्त्व साधं. विमान हवेच्या आधाराने चालतं, म्हणून हवेशी झगडतही राहतं. उडी हवेतून बाहेरच पडते. पहिली सहा-सात मिनिटं रॉकेट तिला वर रेटतं, वेग सेकंदाला सात किलोमीटरच्या पुढे जातो आणि इंजिन बंद होतं. तिथून पुढे ती फेकलेल्या दगडासारखी पृथ्वीभोवती कमान घेत जाते. या अर्ध्या तासात आतल्या माणसांना वजन नसतं. शेवटी ती पुन्हा हवेत शिरते तेव्हा हवा तिला अडवते, आणि काही मिनिटं माणसाचं वजन चौपट होतं. मग उतरायचं. मिऱ्याच्या धक्क्यावरून बोटीने तळावर जायला जेवढा वेळ लागायचा, जवळजवळ तेवढ्यात माणूस दक्षिण अमेरिकेत.

"मला घर हलवायला नको, तुला नोकरी सोडायला नको," निनाद तेव्हा म्हणाला होता. "अश्लेषा, मी फक्त जरा लांबच्या ऑफिसात जाणार आहे."

तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा आठ-नऊ तास मागे. त्यामुळे सोमवारी दुपारी आमटी-भात जेवून तो निघायचा आणि तिथे सोमवारच्याच सकाळी कामावर हजर व्हायचा. शुक्रवारचं काम संपवून तिथून निघाला की शनिवारी सकाळी सहाला दारात. कस्तुरीला यात काहीच नवल वाटायचं नाही. शाळेत कुणीतरी तिला विचारलं, तुझे बाबा परदेशात असतात ना? ती म्हणाली, "नाही, ते मिऱ्याला असतात. तिथून पुढे थोडंसं."

आणि आम्ही एकटेच तसे नव्हतो. रत्नागिरीत तेव्हा अशी दीडशे-दोनशे घरं असतील. जुन्या लांब पल्ल्याच्या विमानांना माणसं मिळेनात, म्हणून त्या समुद्रांवरच्या फेऱ्या एकेक करून बंद पडल्या. कुणाला फरक पडला नाही. एसटी बंद झाली असती तर जास्त ओरड झाली असती.

चौथ्या वर्षाच्या दिवाळीनंतर एका शनिवारी निनाद स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, "चहाचा डबा कुठे असतो गं?"

डबा सात वर्षं त्याच फळीवर होता. मी हसले. तोही हसला. पण तो हसताना फळीकडे बघत होता, आणि त्याला तो डबा दिसत नव्हता असं नाही, डबा म्हणजे नक्की कोणता हेच त्याला आठवत नव्हतं. पुढच्या महिन्यात कस्तुरीच्या शाळेचा अर्ज भरताना तो शाळेच्या नावाच्या रकान्यापाशी थांबला आणि पेन माझ्याकडे सरकवून म्हणाला, "तू भर. माझं अक्षर वाईट आहे."

त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

जानेवारीत बातमी आली. निरनिराळ्या देशांतल्या डॉक्टरांनी, नेहमी उडीने जाणाऱ्या अकरा हजार माणसांच्या मानेच्या शिरा तपासल्या होत्या. डोक्याकडून हृदयाकडे रक्त उतरवणारी जाड शीर मानेत असते. तिच्यात दोन पाकळ्यांची एक झडप असते, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. रक्त खाली जाऊ द्यायचं, वर येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. वजन नसलं की रक्त डोक्यात साठतं आणि या पाकळ्या ताणून बसतात. तशा ताणलेल्या असतानाच, पुन्हा हवेत शिरताना चौपट वजनाचा दाब त्यांच्यावर उलट्या बाजूने आदळतो. एका उडीत काहीच होत नाही. शंभर उड्यांत पाकळ्यांच्या कडा विरतात. मग झडप पुरती मिटत नाही, मध्ये फट राहते. त्या फटीतून रक्त जरा जरा उलटं मेंदूकडे ढकललं जातं आणि आठवण सांभाळणारा भाग आधी शिणतो.

फट दोन मिलिमीटरच्या पुढे गेली आणि माणूस पुन्हा उडीत बसला, तर पाचात एकाच्या मेंदूत रक्तस्राव होतो. हे अंदाजाने ठरवलेलं नव्हतं. अशी माणसं गेली होती. आजवर त्यांच्या दाखल्यांवर दुसरीच कारणं लिहिली गेली होती.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी नियम लागू झाला, त्याच दिवसापासून, सगळ्या तळांवर. चढण्यापूर्वी मानेची सोनोग्राफी. फट दोनच्या वर असेल तर प्रवेश नाही. हवेचा दाब कमी असलेल्या साध्या विमानातही नाही.

बुधवार होता, म्हणजे निनाद तिकडे होता.

तळावर सोनोग्राफी करणारी माणसं एकाएकी हवी होती. मला दवाखान्यातून दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतलं. तीन दिवस शिकवलं आणि चौथ्या दिवशी मी एका पडद्याआड, एका अरुंद पलंगाशेजारी बसले. माणसाने आडवं व्हायचं, मान डावीकडे वळवायची, मी मानेवर जेल लावून यंत्र फिरवायचं. पडद्यावर शीर दिसते, काळा पाट वाहतो तशी, आणि त्यात दोन पांढऱ्या रेघा उघडतात, मिटतात. मिटल्यावर मध्ये उरेल ती फट. आकडा यंत्रच काढतं. मी सही करायची.

पहिल्या आठवड्यात मी चौतीस लोकांना परत पाठवलं. त्यातले संदेश भाटकर मला अजून दिसतात. सहासष्ट वर्षांचे, गोळप गावचे, शाळेतून निवृत्त झालेले. ते काही दर आठवड्याला जाणारे नव्हते. चार वर्षांत नऊ वेळा गेले होते. पण काहींच्या झडपा मुळातच नाजूक असतात. त्यांची फट दोन पॉइंट दोन निघाली.

"ताई, माझी मुलगी तिथे इस्पितळात आहे," ते उठून बसले. मानेवरचं जेल त्यांनी पुसलंही नाही. "गाडीने उडवलंय तिला. उद्या मोठं ऑपरेशन आहे. अठ्ठेचाळीस मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"काका, तुम्हाला वाटेतच काही झालं तर तिला कोण सांगणार?"

"पाचात एकाला होतं म्हणता ना? मी चारांतला."

"ते मला ठरवता येत नाही."

"मग कोण ठरवतं?" त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, जणू त्या माणसाचा पत्ता हवा होता.

ते दिवसभर प्रतीक्षागृहात बसून राहिले. दुपारची उडी गेली तेव्हा सगळे काचेपाशी धावतात, ते उठले नाहीत. संध्याकाळच्या बोटीने मी त्यांना धक्क्यावर सोबत आणलं. त्यांची मुलगी दोन दिवसांनी गेली. मला ते तळावरच्या एका मुलीकडून कळलं.

भाटकरांना धक्क्यावर सोडलं त्याच संध्याकाळी घरी येऊन मी निनादला फोन लावला. पडद्यावर तो दिसला, मागे कारखान्याचे निळे नळ. त्याची तिथे तपासणी झाली होती. एक पॉइंट आठ.

"म्हणजे एक उडी शिल्लक," तो म्हणाला. "एकच. घरी यायची."

"मग ये."

"येतोच आहे. पण अश्लेषा, ऐक. इथले आम्ही सहा जण गाळणपडदे बघणारे. त्यातले तिघं सुट्टीला आपापल्या देशात गेले होते, ते तिकडेच अडकले. दोघांना अजून काही येत नाही. मी निघालो तर या शहराला पाणी कोण देणार? इथे विहीर नाही, नदी नाही. तू बघितलं नाहीस हे गाव. सगळं आमच्यावर आहे."

"किती दिवस?"

"दोन महिने. पोरांना तयार करतो आणि येतो. एक पॉइंट आठ आहे, तो काय पळून जातोय? उडी मारली नाही तर वाढणार कशाला?"

मी त्याच दिवशी एका माणसाला त्याच्या मुलीपासून अडवून आले होते. मला दुसऱ्या कुणाच्या पाण्याशी काही देणंघेणं नव्हतं, हे खरं सांगते. पण निनाद जे बोलत होता ते बरोबर होतं, आणि आकडाही बरोबर होता. मी 'आजच ये' असं निक्षून म्हटलं असतं तर तो आला असता. तो तसा माणूस आहे.

"बरं," मी म्हटलं. "दोन महिने."

कस्तुरीने भिंतीवर कॅलेंडर लावलं आणि रोज एक दिवस खोडायला लागली.

मार्चच्या मध्याला माझ्या पलंगावर स्वप्नाली खातू आल्या. पन्नाशीच्या, आंब्याच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या. तळावरच्या माझ्या पहिल्याच आठवड्यात मीच त्यांना तपासलं होतं. तेव्हा त्या घाबरून परत गेल्या, उडीत बसल्याच नाहीत. आता धीर करून आल्या होत्या.

मी यंत्र फिरवलं. एक पॉइंट सात.

जुनी नोंद काढली. एक पॉइंट पाच.

"मधल्या काळात दुसरीकडून कुठून गेलात का?"

"छे हो. मी रत्नागिरीच्या बाहेर पडले नाही. गणपतीपुळ्यालासुद्धा गेले नाही."

मी पुन्हा मोजलं, दुसऱ्या यंत्रावर मोजलं. तेच. मग दुपारी जेवण सोडून मी नोंदी चाळत बसले. न उडता दुसऱ्यांदा तपासायला आलेली माणसं मला नऊ सापडली. नवांपैकी सात जणांची फट वाढली होती. घरी बसून.

तळावरच्या डॉक्टरांना मी कागद नेऊन दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि खुर्चीत मागे रेलले. "कापडाची कड एकदा उसवली की नुसत्या धुण्यानेही उसवत जाते, तसं असणार," ते म्हणाले. "रक्त दिवसाला लाख वेळा त्या पाकळ्यांवर आपटतं. मी आत्ताच वर कळवतो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचे मिस्टर तिकडे आहेत ना?"

मी तिथूनच निनादला फोन लावला. तिकडे नुकतंच उजाडलं होतं. तो किनाऱ्यावर होता, गुडघाभर पाण्यात. समुद्रात लाल शेवाळ उसळलं होतं, ते पाणी ओढणाऱ्या नळांच्या तोंडाशी अडकत होतं आणि शहराचा पुरवठा निम्म्यावर आला होता.

"निनाद, आजच्या उडीने ये. आकडा आपोआप वाढतोय."

"काय वाढतोय?"

मी सांगितलं. त्याला कळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मी दोन वाक्यं परत सांगितली.

"आज नाही जमायचं," तो शेवटी म्हणाला. "आज हे बंद पडलं तर इस्पितळांना पाणी नाही. उद्या सकाळी. उद्या नक्की."

मी ओरडले. तळावरच्या सगळ्यांनी ऐकलं. तो म्हणाला, "उद्या गं. एक दिवस." मागे कुणीतरी त्याला हाक मारत होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे संध्याकाळचे पावणेसहा झाले होते. कस्तुरी नवीन फ्रॉक घालून तयार होती. मला त्याच्या फोनवरून फोन आला, पण बोलत होती मार्सेला. मार्सेला तिथली तपासनीस, तिकडची मीच म्हणा. कामानिमित्त आमचं बोलणं व्हायचं. ती तिच्या भाषेत बोलायची आणि माझ्या कानातलं यंत्र ते सपाट मराठीत सांगायचं.

"दोन पॉइंट एक आहे," यंत्र म्हणालं. "मला वाईट वाटतं."

काल किती होता? काल दोनच्या आत होता का? हे मला कधीच कळणार नाही.

मी कस्तुरीला बाहेर जायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. "मार्सेला, एक पॉइंट नऊ लिही."

तिला बोलू न देता मी पुढे म्हटलं,

"यंत्राला तेवढी चूक होते. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. हात जरा तिरपा धरला तर आकडा बदलतो. एक पॉइंट नऊ लिही आणि त्याला चढू दे. अठ्ठेचाळीस मिनिटांत तो इथे असेल. पाचात चार जण नीट पोचतात."

"तुम्ही लिहिलं असतं का?"

मला भाटकर आठवले. "हो," मी म्हटलं.

"नसतं लिहिलं," यंत्र म्हणालं, त्याच सपाट आवाजात. मग मार्सेलाचा खरा आवाज मागून ऐकू आला, तो सपाट नव्हता. ती रडत असावी. "पण मी लिहीन. एका अटीवर. मी तुम्हाला चित्र पाठवते. आकड्याने सगळं कळत नाही, तुम्हाला माहीत आहे. चित्र बघा आणि बायको म्हणून नाही, तपासनीस म्हणून सांगा की हा माणूस जिवंत उतरेल. तुम्ही 'हो' म्हणालात की मी सही करते."

चित्र आलं. काळा पाट, त्यात दोन पांढऱ्या रेघा. खालची रेघ उघडत होती, मिटत होती. वरची मिटत नव्हती. ती एका टोकाला सुटली होती आणि दुसऱ्या टोकाला एका धाग्यावर लोंबत होती. रक्ताच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ती मागे फडकायची. मी हे चार आठवडे रोज बघत होते. अशी पाकळी चौपट वजनाखाली टिकत नाही. ती तुटते, रक्ताबरोबर जाते आणि जिथे अडकायची तिथे अडकते. हा पाचात एक नव्हता. पाचात तीन होता, कदाचित चार.

मी ते चित्र किती वेळ बघितलं मला सांगता येत नाही. बाहेर कस्तुरी दारावर बोटांनी ताल धरत होती. मी एक शब्द बोलले असते तर तिचा बाबा तासाभरात मिऱ्याला उतरला असता, नाहीतर उतरला नसता.

"नाही," मी म्हटलं.

"नाही?" यंत्राने विचारलं.

"नाही उतरणार."

तिने फोन ठेवला. मी दार उघडलं. कस्तुरी म्हणाली, "बाबा निघाले?"

उरला समुद्र. अँतोफागास्ताहून तांब्याची माती घेऊन निघणारं एक मालवाहू जहाज जयगडला येणार होतं. त्यावर चार प्रवासी घेत. खाली मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून अटलांटिकमध्ये, मग आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून अरबी समुद्रात. अडतीस दिवस. एप्रिलच्या दहा तारखेला निनाद त्यावर चढला.

आधी रोज फोन यायचा. तो डोंगराएवढ्या बर्फाबद्दल सांगायचा, जहाजावरच्या आचाऱ्याबद्दल सांगायचा, जो सगळ्यात अंडं घालायचा. आफ्रिकेकडे वळेपर्यंत फोन विरळ झाले, आणि आले तरी तो आचाऱ्याची तीच गोष्ट पुन्हा सांगायचा. मी पुन्हा हसायचे. कस्तुरी हसायची नाही. एकदा तिने विचारलं, "बाबा, मी आता कितवीत आहे?" तो म्हणाला, "हे काय विचारणं झालं?"

जहाज दक्षिण अटलांटिकच्या मध्यावर असताना, सतराव्या दिवशी, तळावर नवं परिपत्रक आलं. मानेला बांधायचा एक पट्टा तयार झाला होता. तो शिरेवर बाहेरून नेमका दाब धरतो, त्यामुळे पाकळ्या ताणल्याच जात नाहीत. पट्टा लावून दोन पॉइंट पाचपर्यंतच्या माणसांना उडीत बसता येणार होतं. चाचण्यांत चारशे जण गेले आणि सगळे नीट उतरले. त्यांच्यात पाकळी सुटलेलेही होते.

मी डॉक्टरांना विचारलं, जहाज कुठे थांबवता येईल का? त्यांनी नकाशा उघडला. सगळ्यात जवळचा किनारा बाराशे किलोमीटरवर होता, आणि तिथे काय, पुढच्या वाटेवरही कुठे उडीचा तळ नव्हता. जहाज जिथे होतं तिथून पुढे जाणं आणि मागे जाणं सारखंच लांब होतं. त्याच दुपारी मी अकरा जणांना पट्टे बांधले. त्यातला एक जण अँतोफागास्ताला चालला होता. तो आणि निनाद यांच्यातलं अंतर काय, याचा विचार मी केला नाही. केला असता तर पट्टा नीट बसला नसता.

अठरा मेला जहाज जयगडला लागलं. निनाद शिडीवरून उतरला, एका हाताने कठडा धरून, सावकाश. बारीक झाला होता, दाढी वाढलेली. कस्तुरी धावली. त्याने तिला नावाने हाक मारली, मला नावाने हाक मारली, आणि मी धक्क्यावर सगळ्यांसमोर खाली बसून रडले. वाटेत गाडीत तो प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होता. चाफे. निवळी. हातखंबा. कस्तुरी त्याच्याबरोबर वाचायला लागली. तिला तो खेळ वाटला.

घरी अंघोळ करून तो खुर्चीत बसला आणि पिशवीतून एक जाड वही काढून त्याने माझ्या हातात दिली. "जहाजावर लिहीत होतो. तोंडाने सांगायला गेलो की मध्येच सुटतं. तू वाच."

पहिल्या पानावर त्याचं ते देखणं अक्षर होतं.

'अश्लेषाचा खूप राग आला आहे. ती नाही म्हणाली तेव्हा मी तिथेच पलंगावर होतो. मार्सेलाने आवाज बंद केला नव्हता. निर्णय माझा होता. मला कुणी विचारलंच नाही.'

चार-पाच पानांनंतर: 'अजून राग आहे. कमी आहे. पण आहे.'

मध्ये बर्फाची चित्रं होती. मग: 'अश्लेषाचा राग आला आहे. कशाचा ते मागचं पान वाचून कळलं.'

शेवटच्या पानावरचं अक्षर तिरकं झालेलं होतं. 'घरी गेल्यावर अश्लेषाला विचारायचं: मी तुझ्यावर कशाला रागावलो होतो?'

मी वही मिटली. तो माझ्याकडेच बघत होता.

"काहीतरी विचारायचं होतं तुला," तो म्हणाला. "लिहिलंय का त्यात?"

पहिलं पान फाडता आलं असतं. शेवटचंही. त्याला कळलं नसतं. मी म्हटलं, "हो, लिहिलंय," आणि त्याच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. भाटकरांपासून, खातूबाईंपासून, त्या दोन पांढऱ्या रेघांपर्यंत. पट्ट्याचंही सांगितलं. तो मन लावून ऐकत होता.

"मला विचारायला हवं होतंस," तो म्हणाला. "मी तिथेच होतो ना?"

"हो."

"विचारलं असतंस तर मी बसलो असतो."

"माहीत होतं मला. म्हणून नाही विचारलं."

तो उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. रात्री जेवला नाही. सकाळी चहा घेताना अगदी प्रसन्न होता. वही टेबलावर होती, ती त्याने उघडली, शेवटचं पान वाचलं आणि मान वर करून म्हणाला, "अश्लेषा, मी तुझ्यावर कशाला रागावलो होतो गं?"

डॉक्टर म्हणतात, तो पट्टा रोज बांधल्यामुळे फट वाढायची आता थांबली आहे. आहे तेवढं राहील. जुनं बरंचसं शाबूत आहे, कस्तुरीचा जन्मसुद्धा. नवं टिकत नाही. कृत्रिम पाकळीचं ऑपरेशन निघेल म्हणतात, तीन-चार वर्षांत. मी विचारत नाही.

रोज नाही, पण चार-पाच दिवसांनी एकदा त्याच्या हाती ती वही लागते. मी लपवत नाही. त्याचा निर्णय एकदा काढून घेतला, पुन्हा काही काढून घ्यायचा धीर होत नाही. दर वेळी मी सगळं सांगते, काही न गाळता, आणि दर वेळी तो पहिल्यांदाच ऐकतो. एकदा म्हणाला, बरं केलंस. एकदा दिवसभर बोलला नाही. एकदा विचारलं, त्या शहराला पाणी मिळालं का शेवटी? मी मार्सेलाला विचारून सांगितलं, मिळतंय. एकदा नुसता माझा हात धरून बसला, आणि मला वाटलं की हे आता तरी राहील.

आज रविवार आहे. कस्तुरी मैत्रिणीकडे गेली आहे. निनाद समोर खुर्चीत आहे, त्याने वही उघडली आहे आणि शेवटच्या पानापर्यंत तो आता पोचतच आला आहे.